नागपूरच्या महाल भागातल्या विहिरी: मोजणीच्या नोंदी, २०२४

७ जानेवारी, रविवार

आजींच्या वाड्यात १४ जण जमलो. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून 'चिखल'च आहे. गेल्या २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली, तेव्हा फावडी-घमेली घेऊन जे निघाले तेच हे लोक. चिखल उपसून झाला, ग्रुप मात्र कोणी सोडला नाही. साडेतीन महिने झाले, काम शून्य, सुप्रभात रोज.

'आता काहीतरी करू' यावर पाच मिनिटांत एकमत. 'काहीतरी' म्हणजे काय, यावर सव्वा तास. नाग नदी साफ करायची (कुठून कुठे? पार उगमापासून, लाव्यापासून?), झाडं लावायची, अभ्यासिका काढायची, भटक्या कुत्र्यांचं बघायचं, ज्येष्ठांसाठी योग. चहा दोनदा झाला.

मग आजी बोलल्या. पुराच्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी येत होतं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी भांडी-फरश्या त्यांच्या विहिरीच्या पाण्यानं धुतल्या. "पन्नास पावलांवर राहून राहिले तुम्ही, अन् विहीर हाय हेच कोणाले ठाऊक नव्हतं."

खरंच नव्हतं. पेंच-कन्हानचं पाणी नळानं घरात आल्यापासून महालातली विहीर म्हणजे वर पत्रा टाकून तुळशीच्या कुंड्या ठेवायची जागा.

१४ जानेवारी, रविवार

माझ्या डीटीपीच्या दुकानातून चार्ट पेपर नेला. त्यावर एकच वाक्य लिहायचं असं ठरवून बसलो, तरी पहिल्या खर्ड्यात तीन 'तसेच' होते. खोडत खोडत उरलं ते असं:

'गांधी गेट ते बडकस चौक आणि मधल्या गल्ल्या, एवढ्या भागात विहिरी किती, आणि मेच्या शेवटी त्यांत पाणी किती खोल?'

नळ-फिटिंगवाले भाऊ म्हणाले, "एवढंच?" त्यांना संपूर्ण नागपूर हवं होतं. बँकेतल्या काकांनी विचारलं, सकाळी दूध आणायला निघालेला माणूस येता-जाता करू शकेल एवढंच काम धरू या का? चालत होईल तेवढा भाग घेतला तो त्यामुळे.

मे का? केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून ४ वेळा पाणीपातळी घेतं. जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. त्यातली पावसाळ्याआधीची आणि नोव्हेंबरची अशी जोडी आपण धरायची. नोव्हेंबर वाक्यात घेतला नाही. आधी मे तर गाठू.

२१ जानेवारी, रविवार

टी-शर्ट. आठवड्यात १४३ मेसेज, सगळे टी-शर्टवर.

संत्र्याचं शहर म्हणून केशरी, अशी सूचना आली. नागपुरात कुठलाच रंग नुसता रंग नसतो. केशरी म्हटलं की एकाच्या कपाळाला आठी, निळा म्हटलं की दुसऱ्याच्या, हिरव्याचं तर नावच काढू नका. चौकात उद्याच्या अयोध्येच्या सोहळ्याच्या पताका लागल्या आहेत, त्यामुळे आठ्या जरा जास्तच. पांढरा म्हटलं तर काकू म्हणाल्या, विहिरीवर पांढरा घालून जाणाऱ्याचे कपडे धुणार कोण?

टी-शर्टसाठी जमलेल्या पैशांतून ३० मीटरचा स्टीलचा टेप आणला. उरलेले काकूंकडे. लोगोचा विषय मात्र मिटला नाही.

२८ जानेवारी, रविवार

आजपासून 'नंतरची वही'. काकूंनी घरातली लाल कापडी बांधणीची खातेवही दिली. कोणी चांगली पण आपल्या वाक्यात न बसणारी गोष्ट सुचवली की वहीत नंबर, तारीख, सुचवणाऱ्याचं नाव. वाद नाही, मतदान नाही, पुढे चला.

आज एका बैठकीत आठ नोंदी झाल्या. लोगो १ नंबरवर. पाण्याची तपासणी ४. शाळेतल्या बाईंनी मागच्या गल्लीतल्या एका विहिरीवर झाकण नाही, नुसती कुजकी फळी आहे, आपण सगळ्या विहिरींना जाळ्या बसवू असं सुचवलं. ते ६ नंबरवर.

आपलं म्हणणं शाईत उतरलं, नावासकट, हे पाहिलं की माणूस अर्धा शांत होतो. मी स्वतःवर बरीच खूश होते आज. (ही ओळ पुढे वाचताना मला लाज वाटणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. एप्रिल पाहा.)

४ फेब्रुवारी, रविवार

दोन तुकड्या, ९ विहिरी. टेप एकच, म्हणून दुसऱ्या तुकडीनं गाठी मारलेला दोर आणि लोखंडी नट वापरला. उत्साह भरपूर. नंतर तर्री-पोहे.

११ फेब्रुवारी, रविवार

सगळे आकडे रद्द.

आजींची विहीर चुकून दोन्ही तुकड्यांनी मोजली होती. एकीचं उत्तर ६.३० मीटर, दुसरीचं ५.१०. पहिल्यांदा सरळ भांडणच झालं. दोर खोटा की टेप खोटा, अमक्याला मोजता येत नाही, तमका घाईत होता. मग काका म्हणाले, हिशेब जुळत नाही तेव्हा आधी दोन्ही बाजू कागदावर मांडायच्या.

मांडल्या. पहिल्या तुकडीनं कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजलं होतं, दुसरीनं कठड्याची उंची वजा करून जमिनीपासून. कठडा ०.८५ मीटर. राहिले ०.३५. ते कोणाला सापडेना. तेवढ्यात आजींची सून म्हणाली, "पहिले लोक आले तेव्हा मी टाकी भरायला मोटर लावलेली ना." म्हणजे पाणी खरोखरच खाली गेलं होतं. कोणीच चुकलं नव्हतं. प्रत्येकजण वेगळीच गोष्ट मोजत होता, आणि चार्टवर वाक्य एक आहे म्हणून आम्ही समजत होतो की काम एक आहे.

आता ठरलेली रीत. कठड्यावर एका जागी ऑइल पेंटचा ठिपका, दर वेळी तिथूनच टेप सोडायचा. टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू फासायचा, म्हणजे ओला झालेला भाग गडद दिसतो आणि रेघ वाचता येते. ठिपक्यापाशी टेपवर जो आकडा येतो त्यातून ओला भाग वजा, मग कठड्याची उंची वजा. राहील ती जमिनीखालची खोली. मोटर आदल्या रात्रीपासून बंद. मोजणी पहाटे. दोनदा मोजायचं, दोन आकड्यांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

दोर आजींना परत दिला. कपडे वाळत घालायचा होता तो.

१८ फेब्रुवारी, रविवार

इंजिनिअरिंगच्या दोन पोरांनी ॲप दाखवलं. अर्धवट, पण देखणं. विहिरीवर बोट ठेवलं की निळी लाट हलते. ॲपमध्ये आणखी काय असावं यावर तासभर. सूचना, फोटो, तक्रारी, पाण्याचा रंग, 'माझ्या विहिरीची आठवण' असा एक रकाना. त्या तासात कोणीही विहिरीकडे गेलं नाही.

मी जरा तोडून बोलले. पोरगा हिरमुसला. संध्याकाळी त्याला फोन केला. म्हटलं, ओपनस्ट्रीटमॅपवर विहीर दाखवायची सोय आधीपासून आहे. तुझ्या ॲपला जे विहिरींचे बिंदू लागतील ते तिथं जातील का बघ, मग ते तुझ्या ॲपचेही राहतील आणि सगळ्यांचेही. मात्र ज्या घरमालकाला हवं असेल त्याचीच विहीर टाकायची. "हो ताई" म्हणाला, पण आवाज पडलेला. ॲप वहीत ११ नंबर.

मोजणी कागदावर, मग एका साध्या शीटमध्ये. चार रकाने.

१० मार्च, रविवार

बायका हळूहळू कमी झाल्या हे माझ्याही लक्षात उशिरा आलं. रविवारी सकाळी ९ ची बैठक म्हणजे ज्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कोणी करतं त्यांच्यासाठीची वेळ. बैठक दुपारी ४ वाजता, पाऊण तास, घड्याळ काकूंच्या हातात. आज पहिल्यांदा काकूंनी एका काकांना मध्येच थांबवलं. काका दोन सेकंद गप्प झाले, मग हसले.

१७ मार्च, रविवार

काल आचारसंहिता लागली. नागपूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला. आमच्यात तीन पक्षांचे लोक आहेत आणि तिघेही चांगले मोजतात. तोवर ग्रुपवर फक्त विहिरीचा नंबर, आकडा आणि वेळ. सुप्रभातही बंद झालं, हा वरकमाईचा फायदा.

२४ मार्च, रविवार

होळी. काम नाही.

७ एप्रिल, रविवार

एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले. "ताई, काम छान करून राहिले तुम्ही. प्रत्येक विहिरीवर फलक लावून देतो आम्ही, खर्च आमचा." फलकावर फोटो कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, वहीत लिहून ठेवते, मतदान झाल्यावर बोलू. नंबर १९. मतदानानंतर ते काही आले नाहीत.

२१ एप्रिल, रविवार

गुरुवारी संध्याकाळी मागच्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराचा चेंडू विहिरीवरच्या फळीवर अडकला. पोरगा नऊ वर्षांचा. फळीवर चढला. फळी मधोमध मोडली. शेजारच्या मावशी भांडी घासत तिथेच होत्या, त्यांनी बनियन धरून मागे खेचला. गुडघा खरचटला, तेवढंच.

आज बाई बैठकीला आल्या, बसल्या नाहीत. काकूंच्या हातातून वही घेतली, उघडली, माझ्यापुढे धरली. "सहा नंबर. तारीख वाचा."

मी वाचली. २८ जानेवारी.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले. भाऊ म्हणाले, मोजणी-बिजणी बंद करा, आधी सगळ्यांना जाळ्या बसवा. दुसरे म्हणाले, जाळ्या बसवणं मालकाचं काम, आपण ३० विहिरींचे लोहार व्हायचं का? दोघांचंही पटत होतं, म्हणूनच माझी पंचाईत. वही मी काढली होती ती लोकांना गप्प बसवायला नव्हे, पण तिनं काम तेच केलं. बाईंचं म्हणणं नीट लिहून, नंबर देऊन, आम्ही ८४ दिवस बंद करून ठेवलं होतं.

ठरलं ते असं. वहीत प्रत्येक नोंदीपुढे आता एक रकाना वाढला, 'थांबेल का?' उत्तर सुचवणाऱ्यानं द्यायचं, बैठकीनं नाही. 'थांबणार नाही' असं आलं की त्याच दिवशी दोघांनी घरमालकाकडे आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात जायचं. दोघांनीच. बाकीचे मोजत राहतील. जुन्या सगळ्या नोंदींनाही लगेच तो प्रश्न लावला. २२ पैकी 'थांबणार नाही' अशा फक्त २ निघाल्या. म्हणजे २८ जानेवारीला हा प्रश्न विचारला असता तर १० मिनिटांचं काम होतं.

भाऊ आणि त्यांचे एक वेल्डिंगवाले मित्र संध्याकाळीच माप घेऊन आले. जाळीला टेपमधून उरलेले पैसे आणि वर थोडी वर्गणी. बाई निघून गेल्या होत्या.

२३ एप्रिल, मंगळवार

जाळी बसली. मधे झडप ठेवली आहे, टेप आणि बादली जाईल एवढी. बाईंना फोटो पाठवला. उत्तर: अंगठा.

१२ मे, रविवार

पाच घरांनी दार लावलं. एका आजोबांनी ओसरीवरूनच विचारलं, "मोजता काहून? बुजवाले का?" मी म्हटलं नाही जी. "मंग टॅक्स लावाले?" त्यांचंही चुकत नाही. आजवर त्यांच्या दारात वही घेऊन आलेला माणूस काहीतरी घेऊनच गेला असणार.

दारात बोलायची पद्धत बदलली. आधी आम्ही लिहितो तो कागद त्यांच्या हातात द्यायचा. त्यावर मालकाचं नाव नाही, घर क्रमांक नाही, फक्त आमचा नंबर आणि आकडे. मग विचारायचं, 'विहीर कधीची?' हा प्रश्न कामाचा नाही, वाक्यात बसत नाही, पण त्यावर माणसं बोलतात. आजोबांनी पाऊण तास सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी काळा पाषाण कसा फोडला, कोणत्या बाजूनं झरा लागला, लग्नात किती घागरी निघाल्या. शेवटी स्वतःच पत्रा उचलला.

बाई आज आल्या. टेप त्यांनीच सोडला. कोणी एप्रिलचा विषय काढला नाही.

२६ मे ते ३१ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. पहाटे ५ ला सुरुवात, ७ ला बंद. त्यानंतर कठड्याला हात लावता येत नाही. सहा दिवसांत २१ विहिरी. गप्पा नाहीत, सूचना नाहीत, वहीत एकही नोंद नाही. इतक्या उन्हात कोणाला नवीन कल्पना सुचत नाही, हेही एक शिकलो.

३० तारखेला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली, देशभर बातमी. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. ग्रुपवर पोरानं लिहिलं, 'त्यांनी कठड्यापासून मोजलं असेल.' दिवसभर हसत होते सगळे.

२ जून, रविवार

चार्ट पेपरवरच्या वाक्याचं उत्तर चार्ट पेपरवरच लिहिलं. विहिरी ३८. मोजता आल्या २१. बुजवलेल्या किंवा फरशीखाली गेलेल्या ११ (त्यातल्या एकीवर स्वयंपाकघर आहे, ओट्याखालून गार वाटतं म्हणे). परवानगी मिळाली नाही ६. आजींची विहीर ७.१० मीटर.

भाऊंनी दोनदा बेरीज केली. मग म्हणाले, "एवढंच." जानेवारीतल्यासारखं नव्हे, वेगळ्या सुरात.

१६ जून, रविवार

पाऊस आला. बातमीही आली. ३८ च्या 'शेकडो' झाल्या आणि आम्ही 'विहिरी वाचवणारे' झालो. एकही वाचवलेली नाही, नुसती मोजली आहे.

बातमी वाचून सहा नवे लोक आले आणि नऊ सूचना घेऊन आले. पूर्ण नागपूर, विहिरींचा महोत्सव, ट्रस्ट नोंदवा, निधी आणा. आमचे जुनेही चेकाळले. काम फसत असताना लोक एकत्र राहिले होते. जमल्यावर पाय फुटले सगळ्यांना.

काकूंनी सोडवलं. नव्या माणसानं आधी दोन विहिरी मोजायच्या, मग सूचना. सहापैकी दोघे पुढच्या रविवारी टेपला खडू फासायला आले. बाकीच्यांचा राग नाही.

ट्रस्टचा विषय मलाही खुणावतो, हे इथं लिहून ठेवते. लेटरहेड मी मनात दोनदा डिझाइन केलं आहे. वहीत ३१ नंबर, सुचवणारी मी. थांबेल का? थांबेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांबरोबर इडापिडा गावाबाहेर घालवायची मिरवणूक. सकाळी इतवारीत काळी-पिवळी मारबत बघून, टवाळीच्या बडग्या पुतळ्यांवर हसून, घसे बसवून सगळे आजींकडे आले. आजींनी वही मागितली. म्हणाल्या, सालभर साचलेलं घरात ठेवू नये. मग एकेक नोंद मोठ्यानं वाचायची, सुचवणाऱ्याला अजून हवी असेल तर त्यानं 'राहू दे' म्हणायचं, नाहीतर बाकीच्यांनी 'घेऊन जा गे मारबत' ओरडायचं आणि काकूंनी रेघ मारायची.

लोगो: घेऊन जा गे मारबत. महोत्सव: घेऊन जा. फलक: सगळ्यात मोठा आवाज. पाण्याची तपासणी: राहू दे. ॲप आलं तेव्हा सगळ्यांनी पोराकडे पाहिलं. तो म्हणाला, बिंदू टाकून झालेत, मालकांनी हो म्हटलेले १७. लाट राहू द्या वहीत.

३६ नोंदींतल्या ९ उरल्या. ३१ नंबरला मी गप्प राहिले. ओरडा झाला, रेघ पडली, आणि थोडं लागलंच.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा निवडणूक, विधानसभेची, २० ला मतदान. पुन्हा ग्रुपवर फक्त नंबर, आकडा, वेळ. या वेळी कोणाला सांगावं लागलं नाही.

आठवड्यात १९ विहिरी झाल्या. आजींची ३.२५ मीटर. मे ते नोव्हेंबर ३.८५ मीटरनं वर. आजींनी आकडा ऐकला, कठड्यावरून वाकून पाहिलं, म्हणाल्या, "मले दिसतेच ना."

मेमध्ये नाही म्हणणाऱ्या सहांपैकी एक घर स्वतःहून आलं. त्यांची विहीर २२ वी, तिला मेचा आकडा नाही, म्हणून रकाना रिकामा ठेवला. अंदाजे भरू या का, असं एका नव्यानं विचारलं. बाईंनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

जुन्या २१ पैकी दोन राहिल्या. एकीच्या मोटरीचं काम निघालं आहे, मिस्त्री मंगळवारी येतो म्हणाला. दुसरीच्या वाड्याला कुलूप आहे आणि किल्ली पुण्याला गेली आहे.